जेटी पुढच्या वर्षी

धप्... धप्... धप्.

अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यात आमच्या बंदरात हा आवाज यायचा. पाण्यात तराफा बांधून त्यावरून एक जाड लोखंडी पाइप समुद्राच्या तळात ठोकत होते. खाली खडक किती खोल आहे ते बघायचं आणि मग त्यावर जेटी उभी करायची, असं ठरलं होतं. मला तो आवाज अजून ऐकू येतो.

गोष्टी साचत जातात. मासळीची टोपली रोज धुतली तरी बांबूच्या विणीत चार खवले राहतातच, तशा. मच्छीमारांना परवाने देणाऱ्या सरकारी कचेरीत मी शिपाई होतो. शाळा चौथीपर्यंत. मोठ्या गोष्टी मला कळत नाहीत, ज्या समोर घडल्या त्या सांगतो. एक लक्षात ठेवा. ह्या गोष्टींत बॉम्ब फुटतो तो नेहमी दुसरीकडे. आमच्याकडे फक्त जेटी पुढे जाते!

आमचं बंदर हर्णेसारखं नावाजलेलं नाही. हर्णेपासून खाली, एका खाडीच्या तोंडावर, थोड्याशा होड्या. नाव सांगत नाही, उगाच कोणाला राग यायचा. कचेरी म्हणजे मच्छीमार सोसायटीच्या माडीवरची भाड्याची खोली. खाली बर्फ फोडायचे, वर आम्ही कागद फोडायचो.

लेले भाऊसाहेब आमचे क्लार्क. घरची हापूसची बाग, तरी नोकरी करत. तोंडात सुपारी, आणि बोलणं असं की समोरच्याला जरा वेळाने लागावं. साहेब त्या काळात चार झाले. चौघेही भले, चौघेही भित्रे आणि चौघांनाही बदलीची घाई. म्हणून गोष्टीत एकच साहेब धरा, तुम्हालाही सोपं आणि मलाही.

आणि पारूबाय. पारूबायबद्दल सांगायचं म्हणून तर बसलो.

*

जेटी नव्हती तेव्हा होडी कमरभर पाण्यात नांगर टाकायची. बायका टोपल्या घेऊन पाण्यात शिरायच्या, मासळी घ्यायच्या, टोपली डोक्यावर ठेवायच्या आणि लाटा चुकवत परत यायच्या. पारूबाय त्यांतलीच. नवरा गेलेला. मुलगा महादेव दुसऱ्याच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडी चालवणारा मुख्य माणूस. मासळी घेऊन ती वरच्या वाड्यांवर दारोदार विकायची. ज्या दिवशी पाण्यात शिरली नाही, त्या दिवशी तिची चूल थंड.

त्या हिवाळ्यात तिच्या पायात कालवाची कपरी घुसली. खडकावरच्या कालवांची धार ब्लेडसारखी असते. जखम भरेना. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. साखर निघाली.

"पाय कोरडा ठेवायचा. रोज खाऱ्या पाण्यात उभ्या राहिलात तर आज जखम आहे, उद्या बोट जाईल, परवा पाऊल."

पारूबाय तिथून थेट आली ती पाइप ठोकणाऱ्या इंजिनिअरकडे. "जेटी कंदी हुयाल?"

"वर्षभरात उभी राहील, मावशी."

"मग वर्षभर मी पाय सांभाळीन."

दुसऱ्या दिवशी ती नारळ घेऊन आली आणि कोणाला काही न विचारता तिने तो त्या पाइपावर आपटला. पाणी उडालं, इंजिनिअर उडाला!

"अहो मावशी! मशीन सरकारी आहे!"

"हां," ती म्हणाली. "नारळ माजा हाय."

*

पुढचं वर्ष उजाडलं. त्या उन्हाळ्यात तिकडे वर डोंगरात घुसखोर शिरले आणि लढाई पेटली. इकडे साहेबांच्या टेबलावर एक पत्र आलं. साहेबांनी ते मनात वाचलं, मग भाऊसाहेबांना दिलं. भाऊसाहेबांनी मोठ्याने वाचलं. निधी अन्यत्र वळवल्यामुळे जेटीचं काम पुढील वर्षी.

भाऊसाहेबांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "गोळी तिकडे सुटली आणि भोक आमच्या जेटीला पडलं!"

"हळू बोला हो!" साहेब दाराकडे बघत म्हणाले. "हे असलं बोलायचे दिवस नाहीत."

आम्ही सगळ्यांनी सैनिकांसाठी एक दिवसाचा पगार दिला. साहेबांनी दोन दिवसांचा दिला, पण कोणाला सांगितलं नाही. मी पाकीट न्यायला गेलो म्हणून मला कळलं.

पारूबायला जेटीचं मी सांगितलं. मला वाटलं, आता ही मला धरून बोलणार. तिने टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "ऱ्हवू दे. पोरा तिकडे बर्फात हाईत. माजा पाय काय, गरम पाण्यात तरी हाय." आणि दुपारी टोपलीभर सुकट घेऊन कचेरीत हजर! "पैसे नायत. ही पाठवा पोरांना."

साहेब घाबरले. पैसे घ्यायला खातं होतं, सुकटीला नव्हतं. भाऊसाहेबांनी पेन उघडलं. "पावतीवर काय लिहू, पारूबाय? सुकट, टोपली एक, सैनिकांसाठी?"

"लिवा! चुलीवर जरा भाजून घ्यायची, असा पण लिवा!"

साहेबांनी जिल्ह्याला पत्र टाकलं, की वस्तूरूपाने मदत आली आहे, तिचं काय करावं? उत्तर येईपर्यंत लढाई संपली होती. कचेरीला मात्र असा वास सुटला होता, की लोक जिन्यातूनच परवाना मागत. उत्तर आलं, 'सदर मदत योग्य त्या यंत्रणेकडे सुपूर्द करावी.'

साहेबांनी टोपलीवरचं फडकं काढलं. टोपली रिकामी. सोसायटीची मांजर मात्र चांगली गुबगुबीत झालेली.

भाऊसाहेब म्हणाले, "साहेब, योग्य ती यंत्रणा आत्ताच खिडकीतून खाली गेली."

*

पुढे दिल्लीत संसदेवर हल्ला झाला. सगळ्या सरकारी कचेऱ्यांना हुकूम आला, बंदोबस्त करा, दाराशी वाळूची पोती रचा. पोत्यांसाठी पैसे मात्र नाहीत, आहे त्यात भागवा.

आता आमच्या दारात वाळूच वाळू. पण उचलायची तर परवानगी हवी. मी तहसीलला गेलो. ते म्हणाले, किनाऱ्याचं आहे, बंदर खात्याला विचारा. बंदर खात्यात गेलो. तिथले बाबू म्हणाले, "ओली वाळू आमची, कोरडी महसूलची. तुम्हाला कुठली हवी?"

मी परत येऊन साहेबांना तसंच सांगितलं. भाऊसाहेब म्हणाले, "आणि भरती-ओहोटीच्या मधली कोणाची? तिची तर दिवसातून दोनदा बदली होते. साहेबांची एकदा होत नाही!"

शेवटी भाऊसाहेबांनी आपल्या बागेतून खताची रिकामी पोती आणि तांबडी माती दिली. मी आणि दोन खलाशी, आम्ही ती भरून जिन्यापाशी रचली. वर जायला एवढीशी फट राहिली. साहेबांना आडवं होऊन जावं लागे.

जेटी त्याही वर्षी पुढे गेली होती. पारूबाय आता पायाला दुधाची प्लास्टिकची पिशवी बांधून, वरून जाळ्याच्या दोऱ्याने आवळून पाण्यात शिरायची. तरी पाणी आत जायचंच. ती पोत्यांसमोर उभी राहिली.

"धोंडूभाव, तो अतिरेकी ह्या जिन्यावर कंदी यायचा?"

"काय सांगता येतं, पारूबाय?"

"मग तो येय्यापर्यंत पोती आमाला द्या."

मी साहेबांना विचारलं. साहेबांनी डोळे मिटून घेतले. "धोंडू, मी काही ऐकलं नाही."

ओहोटीला बायकांनी ती पोती पाण्यात ओळीने टाकली, एकावर एक. त्या संध्याकाळी पारूबाय पोत्यांवरून पाऊल टाकत टाकत होडीपर्यंत गेली, आणि कोरड्या पायांनी परत आली. बायका हसत होत्या. ती हसत नव्हती. ती पायाकडे बघत होती, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे आणि तिच्याकडे सांभाळायला दिलाय.

थोडेच दिवस. मग अमावास्येची भरती आली, पोती फुटली, पाणी तांबडंलाल झालं! वरच्या वाडीतून कोणीतरी पोलिसांना फोन केला, की समुद्रात रक्त आहे.

आणि नेमका त्याच आठवड्यात बंदोबस्त तपासायला अधिकारी आला. "पोती कुठे आहेत?"

साहेबांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेब उठले. "पाण्याखाली तैनात केलीत, साहेब. शत्रू समुद्रातून आला तर?"

अधिकाऱ्याने खिडकीतून समुद्राकडे पाहिलं, जरा विचार केला आणि शेरा मारला, 'उपाययोजना समाधानकारक.'

*

मुंबईत पुन्हा स्फोट झाले. त्यानंतर आमच्याकडे जेटीऐवजी गस्तीची बोट आली. पांढरीशुभ्र, टोकदार, वर निळा दिवा. नारळ फुटला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी कळलं, बोट मंजूर झाली आहे, डिझेल मंजूर व्हायचंय.

भाऊसाहेबांनी मला समजावून सांगितलं. "धोंडू, बोट एका खात्यातून येते. डिझेल दुसऱ्या खात्यातून. ते खातं अजून पोटात आहे, जन्मलं की बारशाला जाऊ."

मग पोलिसांनी गस्तीसाठी महादेव चालवायचा ती होडी भाड्याने घेतली. गस्तीला आले शिंदे हवालदार. माणदेशातला माणूस, पावसाचं पाणीसुद्धा मोजून पाहिलेला. होडी खाडीच्या बाहेर पडली आणि हवालदारांनी दोन्ही हातांनी डोलकाठी धरली. सकाळचं पोट रिकामं झालं, मग आदल्या रात्रीचं. शेवटी त्यांनी मान वर करून विचारलं, "तांडेल, हा हलायचा थांबतो कधी?"

महादेव म्हणाला, "तुमी उतरलात का थांबतो."

त्यांना किनाऱ्यावर आणून वाळूत निजवलं. पारूबायने कोकमाचं आगळ पाण्यात घालून पाजलं. "पी रे पोरा." पोर पंचेचाळीस वर्षांचं! ते उठून बसले आणि त्यांचं लक्ष तिच्या पिशवी बांधलेल्या पायाकडे गेलं. "मावशी, हे काय झालं?"

"साखर झाली. तुमी गोड खाता, आमाला आपोआप हुते."

ती हसली, पण ती पिशवी सोडत होती तेव्हा मी पाहिलं होतं. धाकट्या बोटाची कड काळी पडायला लागली होती.

हवालदारांची गस्त तिथेच संपली. मग त्यांना दुसरी ड्यूटी मिळाली. पांढऱ्या बोटीवरची ताडपत्री पोरं चोरून नेत होती, तिच्यावर लक्ष ठेवायचं. किनाऱ्याची राखण करायला बोट आली होती. आता बोटीची राखण करायला हवालदार!

*

ही गोष्ट मी कमी वेळा सांगतो.

मुंबईत संध्याकाळी लोकल गाड्यांमध्ये स्फोट झाले, त्याच्या दुसऱ्या दिवसाची. आमच्याकडे घरटी एक माणूस मुंबईला. लेले भाऊसाहेबांचा एकुलता एक मुलगा तिथे नोकरीला. रात्रभर फोन लागला नव्हता. सकाळी भाऊसाहेब कचेरीत आले ते टोपी न घालता. खुर्ची फोनजवळ ओढून बसले. तोंडात सुपारी नव्हती. बारा वर्षांत मी त्यांचा गाल पहिल्यांदा सपाट पाहिला.

साहेब म्हणाले, "भाऊसाहेब, घरी जा. मी सांगेन फोन आला तर."

"त्याला हाच नंबर पाठ आहे," ते म्हणाले.

पारूबाय वर आली. जिना चढताना तिचा पाय एकेका पायरीवर थांबत होता, ते आम्हाला ऐकू येत होतं. ती भाऊसाहेबांच्या खुर्चीपाशी जमिनीवर पाय पसरून बसली. एवढंच म्हणाली, "लागंल."

फोन वाजला.

भाऊसाहेबांचा हात पुढे गेला आणि हवेतच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उचलला.

पलीकडे जिल्ह्याच्या कचेरीतला हिशेबाचा माणूस. "जेटीचा न वापरलेला निधी किती शिल्लक आहे? आजच्या आज कळवा. सुरक्षेकडे वळवायचाय. वरून तगादा आहे."

मी अडाणी माणूस, मला दुसरं सुचलं नाही. म्हटलं, "साहेब, इथे एका पोराच्या फोनची वाट बघतोय. लाइन सोडा."

पलीकडे फाइल मिटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "सोडतो. कुठे असतो मुलगा?"

"मुंबईला."

"माझाही," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

दुपारी पुन्हा घंटी वाजली. या वेळी भाऊसाहेबांनी स्वतः उचलला. ऐकलं. मग ओरडले, "अरे गाढवा, जेवलास का?" आणि फोन माझ्या हातात देऊन कपाटामागे गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा साहेबांना म्हणाले, "तो निधी पाठवून द्या. सगळा घ्या म्हणावं. बोट घ्या, बंदुका घ्या, काय पाहिजे ते घ्या."

मग त्यांना पारूबाय दिसली आणि ते थांबले. तिचा पाय त्यांच्या समोरच होता.

ती म्हणाली, "द्या ओ. मी काय बोलतंय काय?" आणि माझ्याकडे वळून, "धोंडूभाव, त्या मगाच्या माणसाला फोन लावा. त्याचा पोर?"

मी लावला. एंगेज. परत लावला. एंगेज. पारूबाय विक्रीला गेली नाही, तिथेच बसून राहिली. कचेरी बंद करेपर्यंत लावत होतो. एंगेज!

*

नंतर मुंबईवर तो मोठा हल्ला झाला. ते लोक समुद्रातून आले आणि मच्छीमारी होडीतून आले. त्या दिवसापासून आमची प्रत्येक होडी संशयित झाली. महादेव एकदा मला म्हणाला, "काका, पूर्वी मी वादळाला भ्यायचो. आता किनारा दिसला का भ्यायला हुता."

खरंच होतं. होडी आली की पोलीस चढत, मग कस्टम, मग कोस्ट गार्ड, मग बंदर खातं, आणि शेवटी आम्ही. प्रत्येकाला तेच ओळखपत्र, तेच नाव, तोच शीतकप्पा उघडून दाखवायचा. एकाने बघितलेलं दुसऱ्याला चालत नसे. एका संध्याकाळी महादेवच्या होडीचं हे चालू असताना बायका टोपल्या धरून पाण्यात उभ्या. सूर्य बुडाला, बर्फ वितळला, बांगड्याला वास सुटला. पारूबाय कमरभर पाण्यातून ओरडली, "साहेबांनू, मासा नासला का तो कुठल्या खात्याचा?"

पाच खात्यांची माणसं होडीवर होती. पुढच्याने शीतकप्पा पुन्हा उघडायला लावला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिला ताप भरला. महादेव समुद्रावर होता, म्हणून मीच तिला एसटीने रत्नागिरीच्या मोठ्या दवाखान्यात नेली. दोन बोटं काढली. डॉक्टर म्हणाले, "आता पाण्याचं नाव नको. पुढच्या वेळी घोट्यापासून जाईल."

मी तिच्या खाटेपाशी बसलो होतो, तेव्हा भाऊसाहेबांचा निरोप आला. जेटीचं काम सुरू झालं! खोटं नाही. दहा वर्षं जो पैसा येत नव्हता, तो सुरक्षेच्या नावाने एकदम आला. रात्रंदिवस मशीन चालू.

मी तिला सांगितलं. ती छताकडे बघून हसली. "बोटा गेली तेवा आली काय! येऊ दे. आठ बोटांनी चालीन."

ती घरी आली, पावसाळा गेला, आणि जेटी उभी राहिली. सरळ, पांढरी, पार खोल पाण्यापर्यंत. पारूबाय नवं लुगडं नेसून बघायला आली. जेटीच्या तोंडाशी लोखंडी गेट होतं, गेटला कुलूप, वर फलक.

"काय लिवलाय, धोंडूभाव?"

मला वाचावं लागलं. 'सुरक्षा क्षेत्र. मच्छीमार होड्या व नागरिकांस मनाई.'

भाऊसाहेब शेजारी उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते काहीतरी बोलतील म्हणून. त्यांनी सुपारी थुंकून टाकली.

लांब होडी नांगर टाकत होती. पारूबाय वाळूत बसली, कनवटीची प्लास्टिकची पिशवी काढली आणि पायाला बांधू लागली.

*

आता शेवटची. ही कळायला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. होडी नांगर टाकते तेव्हा ज्या बाईचा हात आधी होडीला लागेल, तिची पहिली बोली. ती बोलेपर्यंत बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही, होडीवाल्यानेसुद्धा नाही. माल पटला नाही तर ती न बोलता हात काढून घेते, सौदा मोडला. पूर्वीपासून तसंच आहे. म्हणून होडी दिसली की बायका पाण्यात धावतात. पारूबायची बोटं गेल्यापासून बाकीच्या बायका तिला दोन पावलं पुढे जाऊ देत. तसं म्हणत नसत. रेतीत पाय रुतल्यासारखं करत.

मुंबईहून एक फार मोठे साहेब किनाऱ्याची सुरक्षा बघायला येणार होते. शेजारच्या बंदरातून पांढऱ्या बोटीत बसून ते आमच्या जेटीवर उतरणार. आमचे साहेब हार घेऊन सकाळपासून जेटीवर. टोकाला शिंदे हवालदार, कडक इस्त्री, तोंडात शिट्टी. मी आणि भाऊसाहेब खाली वाळूत.

पांढरी बोट तिकडे सुरूच झाली नाही! मग मोठ्या साहेबांना तिथे डिझेल भरायला आलेल्या महादेवच्या होडीत बसवलं. हे आमच्याकडे कोणी कळवलं नाही.

आम्हाला दिसलं ते एवढंच, की एक मच्छीमारी होडी सरळ जेटीकडे येतेय. हवालदारांनी शिट्टी फुंकली. "ए! लांब! होडी लांब घ्या! मनाई आहे!"

होडीत केशरी जाकीट घातलेला एक माणूस उभा राहून हात हलवू लागला. हवालदारांना वाटलं, नवीन खलाशी उलट उत्तर देतोय. त्यांनी आणखी जोरात फुंकली. महादेवने मुकाट्याने सुकाणू वळवलं. नंतर मी त्याला विचारलं, "अरे, सांगायचंस की होडीत कोण आहे!" तो म्हणाला, "काका, कोणाचा ऐकायचा ता मला कळत नाय. जो शिट्टी मारतो त्याचा ऐकतो."

होडी नेहमीच्या जागी आली, नांगर पडला. महादेवची होडी म्हटल्यावर बायका टोपल्या घेऊन पाण्यात शिरल्या. तेवढ्यात आमच्या साहेबांना जाकिटातला चेहरा ओळखू आला. ते जेटीवरून ओरडत धावले, आणि मीही तसाच पाण्यात उतरलो.

पारूबायचा हात आधी लागला.

"पारूचा हात! पारूचा हात!" बायका ओरडल्या, आणि रीतीप्रमाणे एकदम गप्प झाल्या.

पारूबायने फळीवरून वाकून आत पाहिलं. मासळी नव्हती. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेले, हातात बूट धरलेले साहेब लोक होते.

मोठे साहेब गोंधळले. "हे काय आहे? ह्या सगळ्या गप्प का झाल्या?"

मी कमरभर पाण्यात होतो. हात जोडून त्यांना रीत सांगितली.

माणूस वाईट नव्हता. ऐकून त्यांना गंमत वाटली. ते फळीवर बसले आणि पारूबायकडे वाकले. "म्हणजे आता आधी तुम्ही बोलायचं? बोला मावशी. काय पाहिजे तुम्हाला? मी करून देतो."

जेटीवर आमचे साहेब हार घेऊन होते तिथेच थांबले. हवालदारांच्या तोंडातली शिट्टी खाली लोंबत होती. सगळ्या बायका जेटीकडे बघत होत्या. कोणीतरी मागून हळूच म्हणालं, "बोल गो पारू. बोल!"

पारूबाय त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. एक लाट आली, तिला छातीपर्यंत भिजवून गेली. पायाची पिशवी सुटून पाण्यावर आली आणि माझ्या बाजूला वाहत आली. मी ती धरली.

"बोला ना," मोठे साहेब म्हणाले.

पारूबायने फळीवरचा हात काढला, रिकामी टोपली डोक्यावर ठेवली आणि पाठ फिरवून, जेटीच्या सावलीतून, पाणी कापत किनाऱ्याकडे चालू लागली.